हेरंबचा ओढांक

हे कुणाला सांगायचं नाही, असंच हेरंबनं ठरवलं होतं. लिफ्टनं आपल्याला मोडीत काढलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? पण मुनाफचा फोन आला. "एकाच बिल्डिंगीत राहतोस आणि महिनाभर तोंड दाखवलं नाहीस. पाय माझा मोडलाय रे, तुझा नाही." ते त्याला लागलं.

हेरंब एकोणिसाव्या मजल्यावर, मुनाफ एकसष्टाव्या. या टॉवरमध्ये लिफ्टसमोरच्या पडद्याला मजला सांगायचा, पडदा किती थांबायचं ते सांगतो. इतरांना दोन-तीन मिनिटं. हेरंबला पाऊण तास. कंटाळून परत गेला की दुसऱ्या दिवशी तास.

शेवटी तो जिना उतरून तळमजल्यावर डॉ. मंदाकिनी पाठारेंच्या केबिनीत घुसला. लिफ्टचं गणित त्यांचंच.

"बसा," त्या म्हणाल्या. "लिफ्टची एकेक विहीर, म्हणजे ती वरखाली धावते तो उभा बोगदा, प्रत्येक मजल्यावर एक खोली खाते. बिल्डरनं खोल्या विकल्या, विहिरी निम्म्याच ठेवल्या. मग गर्दीत थांबवायचं कुणाला? ज्याला जायची ओढ कमी, त्याला. प्रत्येकाची ओढ आम्ही आकड्यात मोजतो. तो ओढांक. समोर आलेली लिफ्ट सोडली, की ओढांक घसरला."

"मी कधी सोडली?"

त्यांनी स्क्रीन वळवला. दारात हेरंब बाजूला सरकत होता. 'आजी, आधी तुम्ही.' पुन्हा हेरंब. 'बाळ आहे कडेवर, जा तुम्ही, मी येतो मागनं.' पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"मॅडम, आमच्याकडे याला रीत म्हणतात."

"यंत्राला त्यात 'जायचं नाही' एवढंच दिसतं."

"मग शिकवा त्याला."

पाठारेबाईंनी स्क्रीन परत आपल्याकडे वळवला. "शिकवून पाहिलं. रांग रस्त्यावर गेली. तुमच्यासारखे घरी बसतात, म्हणून ही इमारत चालते."

"आणि मी काय करू?"

"आठवडाभर कुणालाही पुढे सोडू नका. खांदा घाला. चढेल आकडा."

तो लॉबीत आला, पडद्याला एकसष्टावा मजला सांगून या वेळी तासभर थांबला. दार उघडलं, माणसं कोपरं काढून घुसली. हेरंबच्या आत्ता ध्यानात आलं: 'तुम्ही जा' म्हणणारं इथं कुणी उरलंच नव्हतं. मागं एक आजोबा पिशवी छातीशी धरून उभे होते. नंबर हेरंबचा होता, एकाचीच जागा होती. त्यानं दार हातानं अडवलं.

"या आजोबा. चढा."

पडद्यावर हेरंबची थांबायची वेळ दीड तासावर गेली. "जा, तीन तास कर," असं पडद्याला सुनावून तो जिन्याकडे वळला. पहिल्याच वळणावर फोन लावला.

"मुनाफ, चालत येतोय."

"एकसष्ट मजले? डोकं फिरलंय का? घुस की लिफ्टमध्ये."

"नाही घुसणार. ऐक. प्लॅस्टर निघेपर्यंत दर रविवारी असाच येईन. वाटेत बसेन, धापा टाकेन, शिव्या घालेन, पण येईन. आणि कुणाला ढकलून येणार नाही. शब्द देतो."