सत्कारात हरवलेली शाल

"अडव! अगं, अडव की!" गोलाच्या मागून सोनम जिवाच्या आकांतानं ओरडली.

पण भूतानची गोलरक्षक देचेन जागची हललीसुद्धा नाही. चेंडू तिच्या शेजारून गेला आणि जाळीत जाऊन बसला. नेपाळच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून नाचायला लागल्या.

"हिला झालंय तरी काय?" गुरु म्हणाला. "सरावात तर माशी आत जाऊ देत नव्हती!"

सोलापुरात मुलींची निमंत्रित फुटबॉल स्पर्धा भरली होती. साधीसुधी नाही, आंतरराष्ट्रीय! नेपाळ, श्रीलंका, भूतान आणि आपला संघ. बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायचं काम दिवाळीच्या सुट्टीत गुरुला, त्याच्या मोठ्या बहिणीला म्हणजे सिद्धेश्वरीला आणि गल्लीतल्या सोनमला मिळालं होतं. गुरुचे महेश्वरकाका समितीचे सचिव होते ना! हे काका सदानकदा धावत असायचे, आणि धावता धावता काहीतरी विसरायचे.

सोनमची आणि या भावंडांची ओळख तशी नवीनच. तिचे आई-बापू मेंढरं घेऊन घाटाकडे गेलेले. शिक्षणासाठी तिला आत्याकडे ठेवलेलं. आत्या आणि तिचा नवरा दोघंही चिंचोळी एमआयडीसीत कामाला, त्यामुळे दिवसभर खोलीत सोनम आणि भिंती! पोरं गल्लीत किल्ला करायची तेव्हा ती दारात उभी राहून बघायची. तिला कुणी नको म्हटलं नव्हतं, पण ये असंही कुणी म्हणत नव्हतं. स्पर्धेसाठी एक पोरगी कमी पडली म्हणून गुरुनं तिला हाक मारली, एवढंच.

सामना संपला. भूतानच्या मुली नाश्त्याला गेल्या. देचेन मात्र गोलाच्या खांबाला टेकून गुडघ्यात मान घालून बसून राहिली. असं बसणं सोनमला चांगलं ओळखीचं होतं. ती पाण्याची बाटली घेऊन जवळ गेली आणि नुसती शेजारी बसली.

बऱ्याच वेळानं देचेननं डोळे पुसले. टीव्ही बघून शिकलेल्या हिंदीत ती म्हणाली, "मेरी शाल खो गई. मेरी माँ ने बुनी थी."

मग हळूहळू सगळं कळलं. लाल रंगाची, अरुंद, काठाला पिवळं-हिरवं नक्षीकाम असलेली शाल. आईनं विणलेली ती शेवटची, कारण आता आईला दिसत नाही. उद्घाटनाच्या दिवशी देचेननं ती घडी घालून स्टेजजवळच्या टेबलावर ठेवली होती. परत आली तर टेबल रिकामं! एवढ्या मोठ्या स्पर्धेत एका कापडासाठी कुणाकडे तक्रार करायची? आणि उद्या शेवटचा सामना खेळून संघ संध्याकाळच्या गाडीनं जाणार होता.

 सोनमच्या ट्रंकेत तळाशी बापूनं दिलेलं काळं घोंगडं होतं. वास येतो म्हणून शेजारणी नाक मुरडायच्या, म्हणून तिनं ते दडवून ठेवलं होतं.

ती पळतच गुरु आणि सिद्धेश्वरीकडे गेली आणि तिनं शालीचं सगळं सांगितलं. "चोरी झाली न्हवं!"

"चोरी? लई भारी!" गुरु उडालाच.

"भारी काय त्यात? ती रडतीय!"

गुरुनं जीभ चावली. सिद्धेश्वरी मात्र आपल्या मोबाइलवर उद्घाटनाचे फोटो बघायलाही लागली होती. सत्कार, सत्कार आणि सत्कार! सगळ्या पाहुण्यांच्या खांद्यावर एकसारख्या चॉकलेटी शाली. आणि शेवटी... "हे बघ!"

एका गलेलठ्ठ पाहुण्यांच्या गळ्यात लाल, अरुंद, नक्षीच्या काठाची शाल!

"अक्का, हे तर धनाजीराव!" गुरु म्हणाला. "सगळ्या मंडळांचे अध्यक्ष!"

तिघांनी महेश्वरकाकांना गाठलं. फोटो बघून काका मटकन खुर्चीत बसले. "अरे देवा! धनाजीराव न बोलावताच स्टेजवर चढले रे. मागून कुणीतरी ओरडलं, 'यांचा सत्कार राहिला!' शाल एक कमी. टेबलावर घडी दिसली. मला वाटलं, आपलीच!"

"मग मागा की परत!" सोनम म्हणाली.

"सत्कारात दिलेली शाल परत मागू? जन्मात तोंड दाखवता येईल का मला? नाही बाई, नाही!" आणि काका पुन्हा कुठंतरी धावले.

"मोठी माणसं!" सिद्धेश्वरीनं कपाळाला हात लावला. "आता आपणच डोकं चालवायचं."

धनाजीराव घरीच होते. सिद्धेश्वरी अगदी गोड आवाजात म्हणाली, "काका, स्पर्धेच्या स्मरणिकेत मोठ्ठा फोटो हवाय तुमचा. पण त्याच लाल शालीत हं!"

धनाजीराव फुलले आणि लगेच सुकले. "शाल? आहे की. कपाटात जपून ठेवलीय."

"मग घालून या, आत्ताच काढते!"

"अं... इस्त्रीला दिलीय. संध्याकाळी या!"

"कपाटातच इस्त्री होती व्हय?" सोनम कुजबुजली. गुरुला हसू आवरेना.

तिघं कोपऱ्यामागं दबा धरून बसले. थोड्याच वेळात धनाजीरावांची स्कूटर फुर्रकन बाहेर पडली. पोरांनी सायकली हाणल्या, सोनम सिद्धेश्वरीच्या मागं कॅरिअरवर. स्कूटर वळली नवी पेठेत. दिवाळीची गर्दी ती! स्कूटर हॉर्न वाजवून दमली आणि सायकली मात्र रिक्षांच्या फटीतून मजेत निघाल्या. एका कापड दुकानाच्या बाजूच्या जिन्यानं धनाजीराव वर गेले. पोरं चवड्यांवर त्यांच्या मागं.

वर एका खोलीत पांढऱ्या केसांच्या शरणम्माबाई बसल्या होत्या. समोर एक रिकामी आरामखुर्ची, आणि तिच्या पाठीवर नीट पसरलेली लाल शाल!

"बाई, चुकून दुसरीच शाल आली तुमच्याकडे," धनाजीराव घाम पुसत म्हणत होते. "बदलून देतो."

"जन्मभर शाळेत शिकवलं, धनाजी," बाई म्हणाल्या. "तुलाही शिकवलं. सत्कार एवढा एकच झाला, तोही तू केलास. यांच्या खुर्चीवर टाकली. हे गेल्यापासून बोलायला तेवढी खुर्चीच आहे. आता शालही नेतोस?"

सोनमचे पाय दारातच थांबले. शाल सापडली होती, आणि तरी तिला आनंद होईना. इकडे देचेन, तिकडे बाई. पण ती पुढं झाली. अडखळत, डोळे पुसत तिनं सगळं सांगितलं: टेबल, सत्कार, देचेनची न दिसणारी आई.

 मग बाईंनी हळूच विचारलं, "म्हणजे तुला मिळालेली उष्टी शाल माझ्या खांद्यावर टाकलीस होय रे?"

एवढे मोठे धनाजीराव शाळेतल्या पोरासारखे खाली बघत राहिले. "घरात शाली साठतात, बाई. एकाची दुसऱ्याला देतो. सगळेच देतात. चुकलं माझं."

बाईंनी शाल उचलली, घडी घातली, काठावरून एकदा बोट फिरवलं आणि सोनमच्या हातात दिली. त्यांच्या तोंडी आपसूक कानडी आली. "होगु, मगू. जा, बाळा, घेऊन जा. आईच्या हातचं आहे ते."

जिन्यापर्यंत गेलेली सोनम परत वळली. "बाई, उद्या मॅच हाय. तुमी या की बघाया. मी न्यायला येते."

दुसऱ्या दिवशी गोलाच्या मागं देचेनला परत मिळालेल्या लाल शालीची घडी होती, तिच्या शेजारी सोनम आणि पलीकडे खुर्चीत शरणम्माबाई. श्रीलंकेनं काय चेंडू हाणले म्हणता! देचेन डावीकडे झेपावली, उजवीकडे झेपावली, पेनल्टी तर तिनं बोटांच्या टोकांनी बाहेर काढली. भूतान जिंकलं! चषक नेपाळनं नेला, पण टाळ्यांचा कडकडाट झाला तो देचेनसाठी.

समारोपात महेश्वरकाकांनी माइकवर कान पकडून सगळी कहाणी सांगितली. "आमच्या पोरांनी सोलापूरची लाज राखली! मोठ्यांनी यांच्याकडून शिकावं!" धनाजीरावांनी लेबलसुद्धा न काढलेली कोरी शाल स्वतः बाईंच्या खांद्यावर घातली आणि वाकून नमस्कार केला. बाईंनी आधी लेबल तपासलं, तेव्हा सगळं मैदान हसलं. पोरांच्या सत्काराची वेळ आली आणि काका ओरडले, "अरेच्चा! शाली संपल्या!"

मग देचेननं आपली लाल शाल सोनमच्या खांद्यावर घातली, तिला घट्ट मिठी मारली आणि शाल परत घेतली. तेवढं पुरे होतं.

भूतानची बस गेली. मैदान रिकामं झालं. आत्या आणि तिचा नवरा कारखान्यात दुसऱ्या पाळीला होते, खोलीत कुणीच नव्हतं. सोनमला एकदम फार एकटं वाटलं. तिनं ट्रंक उघडली, तळातलं घोंगडं काढलं आणि त्यात तोंड खुपसून मनसोक्त रडली. मग ते खाली अंथरलं.

दार वाजलं. चकल्यांची ताटली घेऊन गुरु आणि सिद्धेश्वरी आले होते.

गुरुनं नाक वर केलं. "कसला गं वास?"

"मेंढरांचा हाय," सोनम म्हणाली. "माज्या बापूनं दिलंय घोंगडं. बस की."

गुरु बसला. सिद्धेश्वरीही चकल्या मधे ठेवून बसली.