बाघ की बघ

ही इकडून तिकडून कानावर आलेली गोष्ट नाही. माझ्या आईच्या मामांच्या बाबतीत घडलेली आहे.

जानेवारी १९५३. कलकत्त्याहून हजारीबागला जाणारा रस्ता.

चारुदत्तमामांची कलकत्त्याला बदली होऊन सहा वर्षं झाली होती. शहरातल्या बेहाला भागात भाड्याचं घर, एक जुनी ऑस्टिन गाडी आणि एकच हौस... वाघ बघायचा. आजवर नशिबी फक्त कोल्हे आले होते. श्यामलामामी त्यावरून त्यांना भरपूर चिडवायच्या.

पहाटे निघालेली गाडी संध्याकाळी पाचला सालवृक्षांच्या जंगलात शिरली. मामी पेंगत होत्या. त्यांची सात वर्षांची लेक लीना मागे खिडकीशी बसली होती.

अचानक झाडीतून एक बाई धावत आली. डोक्यावरची मोळी तिने रस्त्यातच टाकली.

"बाघ... बाघ..."

मामांनी गाडी हळू केली. बाईने मागच्या दाराची मूठ घट्ट धरली.

"बाबा, ती बाघ म्हणतेय. म्हणजे वाघ. तिला आत घ्या ना."

"थांब गं. तेवढ्यात तो निसटेल."

आणि त्यांनी गाडी पुढे दामटली. मूठ तिच्या हातून सुटली.

वाघ काही दिसला नाही. दहा मिनिटांनी परत आले, तर रस्त्यावर मोळी होती.

बाई नव्हती. रक्त नाही, ओरडणं नाही... पाखरांचा आवाजसुद्धा नाही.

कलकत्त्यात परतल्यावर मंडळींनी, तिला गाडीत का घेतलं नाही, असं विचारलं, तेव्हा मामा हसून म्हणाले, "आपले मराठी कान. मला वाटलं, ती 'बघ, बघ' म्हणतेय."

सगळे हसले. लीनाने बाबांकडे पाहिलं. मामांनी नजर चुकवली.

त्याच आठवड्यात सुरू झालं. दिवेलागणीला अंगणातल्या गाडीच्या मागच्या दाराची मूठ वाजायची... खट्.

जाऊन पाहावं, तर कोणी नाही.

एकदा मामा पाहुण्यांना तोच किस्सा रंगवून सांगत होते. हशा पिकला. तो ओसरला, आणि त्यांच्या पाठीमागून बारीक आवाज आला...

"बघ."

स्वच्छ मराठीत.

पाहुण्यांना काहीच ऐकू गेलं नाही. लीनाने मात्र हातातली वाटी खाली ठेवली.

"बाबा, तुमच्यासाठी ती मराठी शिकली."

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं. पण चार माणसांत अब्रू जाईल म्हणून त्यांनी ते गिळलं आणि मामींना चहा टाकायला सांगितलं.

किस्सा त्यांनी पुन्हा कधी सांगितला नाही. गाडीही विकली. पण तो 'बघ'चा आवाज थांबला नाही.

अगदी शेवटच्या आजारपणात त्यांनी मला जवळ बसवलं. तोंड भिंतीकडे होतं.

"मला नीट ऐकू आलं होतं रे. पहिल्याच वेळी."

बराच वेळ ते रडले. मग एकदम कान देऊन राहिले.

"आत्ता... ती काही म्हणाली का?"

मी नाही म्हणालो.

मीही खोटंच बोललो.