कानामागची चीर

दिवा राहू दे रे, मालवू नका. तुम्हाला घाबरवून मला काय मिळणार आहे? घडलं तेवढंच सांगतो. इकडून तिकडून ऐकलेलं नाही, माझ्या सख्ख्या भावोजींच्या घरात घडलेलं आहे.

तेव्हा मी लिलावाच्या कंपनीत पॅकिंगला होतो आणि भावोजी आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. त्यांना जुन्या चिनी मातीच्या बाहुल्यांचा नाद. काचेच्या कपाटात एकतीस बाहुल्या, आणि माणूस असा की पाहुण्याला चहा विचारायच्या आधी बाहुलीचं वय सांगणार! कपाटाला कोणी हात लावायचा नाही, हा नियम. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीनेसुद्धा. एप्रिलमध्ये ती वरच्या फळीवरची बाहुली काढायला स्टुलावर चढली. पडली. डाव्या कानामागे लागलं… दोन दिवसांनी गेली.

ताईचं बोलणंच बंद झालं. रडली नाही, भांडली नाही. स्वयंपाक करायची, वाढायची, भांडी घासायची. भावोजी कामावर जायचे, यायचे. मी गेलो की आम्ही तिघं टीव्ही बघायचो, आवाज बंद करून. मला त्या घरात काही म्हणजे काहीच वाटायचं नाही, आणि त्याचीच लाज वाटायची.

सात महिन्यांनी आमच्या लिलावाची यादी त्यांच्याकडे पोचली. ताईने एका फोटोवर बोट ठेवलं. म्हणाली, "हिला आणा."

सात महिन्यांत दोन शब्द. लिलावात भावोजींनी हात वर केला तो खाली घेतलाच नाही.

सोळा नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळचे सव्वासात. बाहेर अंधार पडलेला. टेबलावर बाहुली, समोर ताई. मी तिथे नव्हतो, पण भावोजींनी नंतर सगळं सांगितलं.

या बाहुलीवाल्यांची एक रीत असते. नवी बाहुली आली की तिचा केसांचा टोप काढायचा. खाली डोकं पोकळ, वरून उघडं. त्यात वायरवरचा छोटा बल्ब सोडायचा आणि खोलीतले दिवे घालवायचे. चिनी मातीतून उजेड झिरपतो, आणि कुठे तडा असला तर काळी रेघ दिसते. भावोजींनी सवयीने तेच केलं.

चेहरा उजळला. डाव्या कानामागे केसाएवढी रेघ होती. भावोजींनी शिसपेन्सिलीने तिथे खूण केली.

अंधारातून ताई म्हणाली, "तिथेच लागलं होतं तिला."

ताई बोलत होती, पोरांनो! आणि भावोजी काय म्हणाले?

"फसवलं आपल्याला. उद्या परत करतो."

वीस वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं. ताई गप्प झाली.

त्यांनी बल्ब विझवला. बाहेर काढला. दिव्याचं बटण भिंतीशी, चार पावलांवर.

दुसऱ्या पावलाला आवाज आला. टिक… नखाने कप वाजवावा तसा.

"तू वाजवतेस?"

टिक. टिक.

बाहुलीच्या आतून.

त्यांनी बटण दाबलं. ताईचे दोन्ही हात मांडीवर होते. नजर बाहुलीवर. आवाज थांबला.

मग काय, विचारतेस? मग सकाळ झाली. भावोजी खोका घेऊन आमच्याकडे आले. लपवलेला तडा निघाला तर माल परत घ्यायचा, असा आमच्या कंपनीचा नियम. तपासायचं काम माझं. मी गोदामातले दिवे घालवले, बल्ब सोडला. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. पेन्सिलीची खूण होती. चीर नव्हती.

भावोजींनी स्वतः वाकून बघितलं. "ती बोलत होती रे," म्हणाले. "आणि मी काय बोललो…"

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार?

खोका घरी परत गेला. ताईने तो उघडला नाही. पुढे नऊ वर्षं जगली, एक शब्द बोलली नाही.

एक गोष्ट मात्र मी भावोजींना कधीच सांगितली नाही. त्या दिवशी बल्ब काढताना मी डोक्याच्या आत बोट घातलं होतं. खुणेच्या बरोबर मागे. तिथे खळगे लागले. ओळीने चार. ओल्या मातीतली भेग बुजवायला बोटं दाबतात ना… तसे.

भट्टीत भाजलेल्या चिनी मातीत बोट उमटत नाही.

मी माझं बोट त्या खळग्यात बसवून बघितलं. मावेना. मग करंगळी लावली.

तीही मावली नाही.