सहावा दिवा

बेसिनमध्ये सोळा ताव होते. पंधरा पूर्ण बुडालेले, सोळावा काठाला अडकून अर्धा कोरडा राहिलेला. पाणी काळंभोर, खोली नऊ सेंटिमीटर. कोरड्या राहिलेल्या भागावर एका अंतराळवीर बाईचं शिरस्त्राण होतं, त्यावर पाच दिवे. टेबलावर शाईची बाटली एक, कुंचले सात, निळ्या पेन्सिली चार. कोपऱ्यात प्रिंटर एक. कपाटात आधीच्या अडतीस पानांची चित्रं. एक पान दोन तावांवर, वरचं अर्धं आणि खालचं अर्धं, म्हणजे शहात्तर ताव. शहात्तर भरले. खालच्या फळीवर कोऱ्या कागदाचा गठ्ठा, पन्नासचा, वेष्टन फाडलेलं. कडेवरून अंगठा फिरवून मोजले. पन्नास.

इन्स्पेक्टर गिलेन पिरोतने एवढं वहीत उतरवलं आणि मगच दार उघडून बाहेर पाहिलं. बेल्जियममधल्या लिएज शहरातल्या त्या इमारतीच्या जिन्यात दोन पुरुष एकमेकांच्या अंगावर धावून जायच्या बेतात होते. मध्ये पायरीवर चित्रकार ओदिल हेन्रार गाल धरून बसली होती.

"एकेकाने बोला," गिलेन म्हणाली. "आधी तुम्ही, बाई."

ओदिलचा अर्धा जबडा बधिर होता. "बारा ते दोन दातांच्या डॉक्टरकडे होते. आले तर हे. शेवटची आठ पानं, मॅडम! काळं पाणी दिसलं आणि मी बाहेरच पळाले. हातसुद्धा लावला नाही."

"छापखान्यात कधी द्यायची होती?"

"परवा, शुक्रवारी. नाही दिली तर प्रकाशक हे चित्रकथेचं पुस्तक रद्द करणार. दोन वर्षं घातली मी यात. आठ पानं पुन्हा काढायला मला चार महिने लागतील."

"पानांच्या प्रती?"

"महिन्यापूर्वी संगणकावर घेतलेल्या हलक्या प्रती आहेत, काळ्या-पांढऱ्या. त्यांवरून छापता येत नाही. छपाईची प्रत मी अगदी शेवटी काढते."

"शाई कुठली वापरता?"

"चिनी. मुखपृष्ठावर ती वाळली की वरून जलरंगाचा ओला कुंचला फिरवते मी; आतली पानं नुसत्या शाईची. आई वापरायची तीच." ती हुंदका आवरत म्हणाली, "आणि कागद एकाच दुकानातला, मापाने कापून आणलेला. जुना गठ्ठा शेवटच्या पानावर संपला. नवा अजून फोडलासुद्धा नाही."

"या फिनलंडच्या माणसाला विचारा!" तिबो मर्सनीए ओरडला. शब्द त्याचे होते. कथा तो लिहायचा, चित्रं ओदिल काढायची. "सकाळी माझा शेवट ऐकून म्हणाला, हा शेवट पाण्यात बुडवा. आम्ही दोघांनी ऐकलंय."

"म्हणालो," योउनी वैनिक्का थंडपणे म्हणाला. ज्या व्हिडिओ गेमवरून हे पुस्तक होत होतं तो त्याचा होता. "इल्वा हे पात्र माझं आहे. अकरा वर्षं मी तिला सांभाळलंय. माझ्या गेममध्ये ती घरी परतते. या गृहस्थांना तिला त्या ओसाड ग्रहावर मारायचं होतं."

"पोरांच्या खेळण्याला कथा दिली मी, कथा!"

"तुम्हाला तिच्या डोक्यावरचे दिवेही मोजता आले नाहीत. पाच काढायला सांगितलेत! सहा सोबती मेले, म्हणून सहा दिवे. आमचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

"सोमवारी केले ना मी सगळे सहा," ओदिल वैतागली. "आठही पानांवर, हाताने. आता तरी दिवे सोडा हो!"

गिलेनने वैनिक्काकडे मोर्चा वळवला. "बारा ते दोन कुठे होतात?"

"समोर फ्राइज खात होतो. एकदा कोट घ्यायला परत आलो."

"एकटे?"

"एकटा. किल्ली आहे माझ्याकडे. दार उघडलं, खुंटीवरचा कोट उचलला, निघालो. आत गेलो नाही."

"सोयीचं आहे," तिबो म्हणाला.

"तोंड आवरा. पानांच्या प्रती मागितल्या तर हे देत नाहीत, मॅडम. इथे येऊन मान वाकडी करून बघावं लागतं, पाहुण्यासारखं."

"आणि तुम्ही, मर्सनीए?"

"नदीकाठी फिरत होतो. डोकं शांत करायला."

"कोणी पाहिलं?"

"बदकांनी."

"शेवट कोणाचा ठेवायचा, हे कोण ठरवतं?"

"गेमवाले," तिबो म्हणाला. "पण करारात कलम आहे. कामाची जाणूनबुजून नासधूस करणाऱ्याचा तो हक्क जातो. म्हणजे आता यांचा गेला. हातकड्या आणल्यात ना?"

गिलेनने वही मिटली. ती आत गेली, कपाटातला एक ताव घेऊन आली आणि ओदिलपुढे धरला. "बोट ओलं करा आणि या रेषेवर घासा."

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"घासा."

ओदिलने घासलं. रेष जशीच्या तशी. तिने स्वतःच्या स्वच्छ बोटाकडे पाहिलं, मग बेसिनच्या दिशेने, आणि हळूच उठून उभी राहिली.

"तुमची शाई पाण्याने हलत नाही," गिलेन म्हणाली. "मग पाणी काळं कशाने झालं? बेसिनमधले ताव छापील आहेत. तुमच्याच कागदावर, कोपऱ्यातल्या तुमच्याच प्रिंटरवर छापलेले. त्याची शाई पाण्यात सुटते. शिवाय तुम्ही आधी निळ्या पेन्सिलीने आखता. कपाटातल्या शहात्तर तावांवर ते निळं आहे. बेसिनमधल्या एकावरही नाही, कारण काळ्या-पांढऱ्या प्रतीत ते उतरत नाही."

"म्हणजे यानेच छापले!" तिबोने वैनिक्काकडे बोट दाखवलं.

"कशावरून छापतील? त्यांच्याकडे प्रती नाहीत. आणि असत्या, तरी पाच दिव्यांचं चित्र त्यांनी छापलं नसतं. कोरड्या राहिलेल्या भागावर पाच दिवे आहेत. सोमवारनंतर मूळ पानांवर सहा झाले. ताव छापले गेले ते महिन्यापूर्वीच्या प्रतींवरून. त्या कोणाकोणाकडे आहेत, बाई?"

"माझ्याकडे," ओदिल म्हणाली. "आणि तिबोकडे. संवादाच्या फुग्यांत शब्द बसवायला."

"तुम्ही डॉक्टरांच्या खुर्चीत होतात. तुमचा गाल साक्षीला आहे."

तिबो हसला. "वा! आणि मी खरी चित्रं जाळली, होय? स्वतःच्या पुस्तकाची?"

"जाळली नाहीत. ती तुम्हाला हवी होती. बेसिनमधल्या तावांवर अंधुक दिसतं तेवढं पाहिलं मी: इल्वा यानाकडे चालत जाते, दिवे उजळतात, दार मिटतं. ती घरी निघाली की मरायला, हे चित्रात कुठेच नाही; फुग्यांतले शब्द सांगतात. वैनिक्कांचा हक्क गेला असता, चित्रं उद्या कुठेतरी 'सापडली' असती, आणि तुम्ही फक्त शब्द बदलले असते."

"दाखवा मग! कुठे आहेत?"

"नवा गठ्ठा पन्नासचा. बाईंनी फोडला नाही, पण वेष्टन फाटलंय. त्यातले सोळा ताव बेसिनमध्ये आहेत. गठ्ठ्यात चौतीस उरायला हवेत. मी आल्या आल्या मोजले. पन्नास आहेत."

मग ओदिल तिबोला म्हणाली, "वीस वर्षं मी तुझ्यासाठी चित्रं काढतेय. दिवे सहा केले हे तुला माहीतच नव्हतं? सोमवारपासून तू माझी पानं एकदाही उघडून पाहिली नाहीस?"

"शब्द माझे होते," तिबो म्हणाला. "तुझी चित्रं बघून काय करायचंय मला?"

ओदिलने त्याच्यापुढे तळहात पसरला. त्याने खिशातून किल्ली काढून त्यावर आपटली.

गिलेनने आत जाऊन फळीवरून गठ्ठा काढला आणि टेबलावर ताव एकेक करून उलटले. वैनिक्का तिच्या खांद्यावरून पाहत होता, या खेपेला मान वाकडी न करता. मग तिने वही उघडली आणि खाली लिहिलं.

कोरे ताव चौतीस. चित्रांचे सोळा, सोळांवर निळी पेन्सिल. शिरस्त्राणावर दिवे, सहा.