जेवलात का?

शस्त्रक्रिया आधी प्रतिदेहावर पार पडल्याशिवाय कुणाच्याही अंगाला सुरी लावायची नाही, असा कायदा होऊन सहा वर्षं झाली होती. प्रतिदेह म्हणजे संगणकात उभा केलेला रोगी. तेच रक्त, त्याच नसा, तोच मेंदू, स्वभावसुद्धा तोच. आधी त्याच्यावर शस्त्रक्रिया करायची, त्याला औषध द्यायचं आणि पुढची दहा वर्षं तासाभरात पळवायची.

रामलिंग म्हेत्र्यांच्या डोक्यावरून हे सगळं गेलं होतं. त्यांना एवढंच कळत होतं, की बायकोला, महानंदाला आत नेलंय, वीस मिनिटांनी तिच्या हृदयाची झडप बदलायचीय आणि सारं त्यांच्या सहीवाचून अडलंय. पेन हातात धरून ते बसले होते.

"काका, नाही केली तर जेमतेम एक वर्ष," डॉ. मृण्मयी ओक म्हणाल्या. "केली आणि रोज गोळ्या घेतल्या, तर दहा. त्यांचा प्रतिदेह आत्ता दहाव्या वर्षात पोचलाय."

"अन् तरास?"

"नाडी, रक्तदाब यंत्र मोजतं. दुखतंय का, हे मात्र माणसाला विचारावंच लागतं. प्रतिदेहाच्या दर महिन्याला आम्ही विचारतो. ऐका ना."

त्यांनी ध्वनिमुद्रणाची कळ दाबली.

"महानंदाबाई, कसं वाटतंय?"

"बरं हाय. तुमी जेवलात का?"

पुढचा महिना. "बरं हाय. जेवलात का?" त्याच्या पुढच्यालाही तेच.

"किती प्रेमळ आहेत हो!" डॉक्टर हसल्या.

रामलिंगांनी पेन खाली ठेवलं. मुतखड्यानं तळमळत असतानाही ती हेच विचारत होती. चांगलं आठवत होतं त्यांना.

"म्याडम, बरी असली की ती दिवसभर कुरकुर करती. दुखणं सोसंना झालं, की समोरच्याला जेवणाचं इचारती."

डॉक्टरांचं हसू मावळलं. यंत्रानं प्रत्येक 'बरं हाय'पुढे 'वेदना नाही' असं नोंदवलं होतं. अशाच उत्तरांच्या भरवशावर या गोळ्या राज्यभर दिल्या जात होत्या.

"मला बोलू द्या तिच्यासंगं."

"नियमात बसत नाही," त्या म्हणाल्या खऱ्या, पण माइक त्यांनी पुढे सरकवला.

"महानंदा, मी हाय. खरं सांग. दुखतंय?"

यंत्रातून नाक ओढल्याचा आवाज आला.

"दुखतंय हो. पहिल्या दिसापासनं दुखतंय. दहा वर्सं झाली. तुमी कुठं होता?"