बुडालेल्याचं नाव

स्वतःच्याच तसबिरीवरची धूळ पुसताना माणसाला काय वाटतं, हे सांगू शकणारी माणसं जगात थोडीच असणार. कारण तसबीर भिंतीवर चढेपर्यंत ती सहसा धूळ पुसायच्या अवस्थेत राहत नाहीत. शिवणवाली मात्र राहिली होती. धाकटी बहीण म्हणाली, “जरा पुसून घेतेस? सासूबाई येतीलच,” आणि तिनं पदराच्या टोकानं काच पुसली. आतल्या ओल्या केसांच्या, गळ्यात पोहण्याचं पदक घातलेल्या मुलानं तिच्याकडे पाहिलं. तो मुलगा तीच होती.

मुलाच्या देहात आपण मुलगी म्हणूनच जन्मलो, हे तिनं पहिल्यांदा आईला सांगितलं होतं. आई शिवणाच्या मशीनवर बसली होती. पायडल थांबलं, आणि आई एवढंच म्हणाली, “नाव काय ठेवलंयस?” तिनं आईच्या कानात सांगितलं. तेवढ्यात धाकटीला चांगलं स्थळ सांगून आलं, आणि असा भाऊ असलेल्या घरची मुलगी कोण करणार, या एका प्रश्नानं घराची झोप उडाली. तेव्हा तीच म्हणाली, “मला बुडवून टाका.”

“तापानं गेला म्हणू,” बाबा म्हणाले.

“तापाला दवाखाना लागतो, दवाखान्याला डॉक्टर लागतो. नदीला काही लागत नाही.”

बाबा पोहायला शिकवायचे. पोहणं शिकवणाऱ्याचा मुलगा बुडाला, यावर कुणी तरी हसेल अशी तिला भीती होती. पण लोक गंभीरपणे म्हणाले, पोहणाराच बुडतो. फक्त त्या वर्षी बाबांचे निम्मे विद्यार्थी गळाले. धाकटीचं लग्न मात्र झालं!

गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन ती शिवणकाम करू लागली, आणि या घरात शिवणवाली म्हणून येऊ लागली. ही युक्ती आईची. एवढं काय फाटतं या घरात, असं शेजारणी विचारायच्या. काहीच फाटत नव्हतं… आई दुपारी दार लावून धड कपड्यांच्या शिवणी आपल्या हातानं उसवून ठेवायची, म्हणजे लेकीला बोलवायला कारण मिळे. बाबा तिला “बाई” म्हणायचे आणि वर्तमानपत्रात तोंड घालायचे.

मग आई गेली. शिवणवाली शेजाऱ्यांच्या मागं, जिन्यापाशी उभी राहिली. रडायचं किती, हा मोठाच पेच होता. शिवणवालीनं कितीसं रडावं? शेजारीण सहानुभूतीनं म्हणाली, “तुमचं एक चांगलं गिऱ्हाईक गेलं हो.” आणि अंतःकरणाच्या चिंध्या होत असताना ती म्हणाली, “हो ना.”

आता धाकटीला मुलगा झाला होता. विहीणबाई आल्या त्या नाव पक्कं करूनच, आणि आल्या आल्या त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं. शिवणवाली कोपऱ्यात झबल्याला बंद लावत होती.

“मामाचंच नाव ठेवू या,” तसबिरीपुढे डोळे टिपत विहीणबाई म्हणाल्या. “बिचारा गेला. नाव तरी नांदू दे या घरात.”

सुई बोटात शिरली. ज्या नावातून सुटायला ती मेली होती, तेच नाव आता या इवल्या जिवाला चिकटणार, आणि जन्मभर त्याला हाक मारली की हिनं मान वळवायची नाही! बाबांनी वर्तमानपत्र उलटं धरलं होतं. धाकटीनं तिच्याकडे बघत तोंड उघडलं. ती काही बोलायच्या आत शिवणवालीच घाईनं म्हणाली, “ठेवा की. चांगलं नाव आहे. मुलगाही चांगला होता, असं… ऐकलंय.”

आणि पिशवी उचलून ती दाराकडे निघाली.

“थांब,” धाकटी म्हणाली. “सासूबाई, हे नाव नको. याला मामा नाहीच. मावशी आहे. ती काय, पिशवी घेऊन निघालीय.”

विहीणबाईंनी तसबिरीकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पुन्हा तसबिरीकडे. “म्हणजे मी इतकी वर्षं या फोटोपुढे रडतेय…”

“मला बरं वाटायचं,” शिवणवाली हळूच म्हणाली. “दुसरं कुणी रडत नव्हतं.”

“विहीणबाई,” बाबांचा आवाज फाटला, “तेव्हा खरं सांगितलं असतं, तर केली असती धाकटीला सून?”

विहीणबाईंनी विचार केला. खोटं बोलायची संधी होती. त्यांनी घेतली नाही. “नसती केली.” मग बाळाची दुपटी नीट करत त्या उठल्या. “पण आता काय, मावशी परत करू? करायची तरी कुणाला? धरा हो याला. मान सांभाळा.”

बाळ तिच्या हातात आलं. इतक्या लेकरांची झबली शिवली होती तिनं, पण झबल्यातलं लेकरू कुणी हातात दिलं नव्हतं. ती उभीच राहिली, दगडासारखी, आणि अश्रू मात्र दगडाला न शोभेल असे वाहत राहिले.

बाबा उठून तिच्यासमोर आले. इतक्या वर्षांत इतके जवळ पहिल्यांदाच.

“तुझी आई जायच्या आधी हाक मारत होती,” ते म्हणाले. “मी म्हणालो, शिवणवाली उद्या येईल. झोप तू. तर म्हणाली, उद्या कशाला, आत्ता बोलवा… मी नाही बोलावलं, पोरी. घरात पाहुणे होते.”

तिनं विचारलं, “हाक… कुठल्या नावानं मारली?”

बाबांनी तसबिरीकडे पाहिलं नाही. पाण्यात पहिल्यांदा उतरणाऱ्या पोरासारखा त्यांनी खोल श्वास घेतला, आणि तिनं फक्त आईच्या कानात सांगितलेलं तिचं नाव, आयुष्यात पहिल्यांदा, उच्चारलं.

“ओ,” ती म्हणाली.