नावाड्याच्या पिक्चरमधली नदी

"हॅलो, एसटी स्टँड? किन्हवलीची साडेपाचची गाडी लागली का हो?"

"गाडी नाय लागली, मॅडम... पण पिक्चर लागलाय. चालेल?"

कुणालीनं रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडेच बघत राहिली. शहापुरातल्या एका दवाखान्यात ती केसपेपर काढायची. घरी किन्हवलीला नेणाऱ्या गाडीचा कधीच नेम नसायचा, म्हणून निघण्याआधी स्टँडवर फोन करायची. आज घाईत एक आकडा चुकला, आणि फोन लागला केबलच्या ऑफिसात.

"सॉरी, राँग नंबर."

"असू दे की! लागलाच आहे तर फर्माईश सांगा. लोकांच्या पसंतीचे पिक्चर लावतो आमी. आमची वायर किन्हवलीपर्यंत जाते."

ती फोन ठेवणारच होती. पण त्या आवाजात काहीतरी होतं — हसरं, मोकळं, तरीही मर्यादेतलं... आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "एक पिक्चर आहे. पण मला त्याचं नाव माहीत नाही."

"मग गोष्ट सांगा."

"पाच वर्षांची होते मी. मुरबाडकडच्या म्हसा गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा बघितला होता. गर्दी एवढी, की आम्ही पडद्याच्या मागच्या बाजूला बसलो. अक्षरं सगळी उलटी! एक नावाडी असतो, त्याला एक लहान मुलगी सापडते..." ती अडखळली. "शेवटी तो तिला खांद्यावर घेऊन नदी पार करतो. गळ्याएवढं पाणी. दोन्ही हातांनी तिचे पाय धरलेले, म्हणून तिच्या चपला त्यानं दातांत धरलेल्या असतात."



"हा पिक्चर मलापण बघायचाय," तो हळूच म्हणाला. "मी प्रणित. शोधतो."

दोन हजार सातची ती दिवाळी नुकतीच सरली होती. शिवारात भाताची कापणी चालू होती, आणि कुणालीला स्टँडचा बरोबर नंबर काही केल्या लागेनासा झाला होता.

"सापडला का?"

"कोण, मी? मी तर केव्हाच सापडलोय. पिक्चर शोधतोय अजून."

"फाजीलपणा पुरे हां!"

"बरं, पुरे. उरलेला उद्या."

डॉक्टर विचारायचे, "कुणाला गं फोन?" ती केसपेपरांत डोकं घालून म्हणायची, "स्टँडला, सर. गाडी लेट आहे."

एकदा तो बोलता बोलता म्हणाला, "एवढं काय आहे हो त्या नावाड्यात?"

कुणालाच न सांगितलेलं तिनं त्याला सांगितलं. त्या जत्रेनंतर थोड्याच दिवसांत तिचे बाबा तापानं गेले. घरात त्यांचा एक फोटो होता, लग्नातला, ताठ बसलेला. बाबांचा आवाज, हसणं, चालणं... तिला काही म्हणता काही आठवत नव्हतं. "लहानपणी मला वाटायचं, बाबा असते तर त्या नावाड्यासारखेच असते. मला तो नुसता एकदा बघायचाय."

त्या दिवशी त्यानं एकही विनोद केला नाही.

आठवड्याभरानं, तिनं दिलेल्या दवाखान्याच्या नंबरवर, त्याचाच फोन आला. मुरबाडला राघोदादा म्हणून होते. जत्रांमध्ये तंबूतली सिनेमाची मशीन चालवायचे. गोष्ट अर्धी ऐकूनच त्यांनी नाव सांगितलं — 'नावाड्याची सोनू'. सीडी कल्याणला मिळाली. रविवारी चार वाजता लावतो म्हणाला.

रविवारी आई भाताच्या झोडणीला खळ्यावर गेली होती. कुणाली एकटीच टीव्हीसमोर बसली. पडद्यावर खाली अक्षरांची पट्टी सरकली... 'किन्हवलीच्या एका खास फर्माईशीवरून'... आणि ती घरात कुणी नसतानाही लाजली.

पिक्चर सुरू झाला. तिच्या आठवणीतला तो उंचापुरा नावाडी चांगलाच बुटका निघाला. त्याची मिशी एका गाण्यात जाड, दुसऱ्यात बारीक. मागचे डोंगर तर सरळ सरळ रंगवलेले! तरी ती दोनदा रडली. नदीची वाट बघत राहिली. शेवटी नावाड्यानं सोनूला होडीत बसवलं, वल्हं मारलं, आणि पडद्यावर 'समाप्त' आलं.

खांदा नाही. चपला नाहीत. काहीच नाही.

सोमवारी तिनं फोन केला नाही. दुपारी दवाखान्याच्या खिडकीशी एकजण उभा राहिला. कुरळे केस, खांद्यावर केबलच्या वायरचं वेटोळं.

"केसपेपर काढायचाय."

"नाव?"

"प्रणित."

तिचं पेन थांबलं. मान वर न करताच तिनं विचारलं, "काय होतंय?"

"कालपासून फोनची वाट बघतोय. बाकी तब्येत बरी आहे."

ती हसली... आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "तो सीन नव्हता त्यात."

त्याचा चेहरा पडला. "कापला असेल कुणी. राघोदादांना विचारतो. त्यांनी ती रिळं हातानं फिरवलीत. उद्याच जातो."

त्या संध्याकाळी तिची आई सुंदराबाई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. कुणाली शेजारी बसली आणि उगाचच सगळं सांगत सुटली... नावाडी, नदी, दातांतल्या चपला. आईचा हात परातीतच थांबला.

"अगो, तो पिच्चरमधला नाय," आई म्हणाली. "तुझा बापूस तो."

"...काय?"

"म्हशावरनं येताना पुलाचं काम निघालेलं. गाडी अलीकडंच थांबली. त्यानं तुला खांद्यावर घेतलं. जत्रेतल्या नव्या लाल चपला तुझ्या... भिजतील म्हनून भोकाड पसरलंस. मग धरल्या त्यानं दातांत!"

"गळ्याएवढं पाणी होतं ना गं?"

"कसलं गळ्याएवढं! मांडीभर होतं." आई हसली, आणि पदरानं डोळे टिपले. "आनि चपला तोंडात धरून गानं म्हनत होता. एक शब्द कळत नव्हता. येडा नुसता..."

कुणालीनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. बाबांचं काहीच आपल्याकडे नाही, असं ती इतकी वर्षं मानत आली होती.

दुसऱ्या दिवशी दवाखाना सुटल्यावर ती स्टँडवर मुरबाडच्या गाडीची वाट बघत उभी राहिली. प्रणित उतरला तो धुळीनं माखलेला. तिला बघून कावराबावरा झाला.

"राघोदादा म्हनतात, असा सीन नव्हताच. मी तीन-तीनदा विचारलं हो. पण तुमी रडू नका. वाटल्यास मी... मी स्वतः नदीत उतरतो, चपला धरतो दातांत—"

"प्रणित, सापडला तो सीन."

तिनं सगळं सांगितलं.

"तुम्ही शोधलं नसतं, तर मी आईला कधी विचारलंच नसतं," ती म्हणाली. "कसे आभार मानू?"

"आभार नकोत. मला..." त्यानं केसांतली धूळ झटकली. "मला घरी यायचंय. आईंना भेटायला. तुमची हरकत नसेल तर... तुझी हरकत नसेल तर."

कुणालीच्या गालावर ऊन चढल्यासारखं झालं.

"आई विचारेल, हा कोण?"

"मग काय सांगशील?"

ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "सांगेन, ज्याच्यामुळे मला बाबा आठवले, तो हा. रविवारी ये... जेवायलाच ये."